कामाच्या ठिकाणी उभयलैंगिक वक्ते : समज, कायद्याची चौकट आणि गोपनीयतेची जबाबदारी

बीरगांव (रायपूर, छत्तीसगड) : कामाच्या ठिकाणी लैंगिक वैविध्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा तृतीयपंथी आणि समलिंगी व्यक्तींभोवती फिरते. स्त्री आणि पुरुष अशा दोघांविषयीही आकर्षण वाटू शकणाऱ्या उभयलैंगिक व्यक्ती मात्र या चर्चेत क्वचितच दिसतात. ‘एलजीबीटी’ या आद्याक्षरांतील तिसरे अक्षर त्यांचे आहे. तरीही कार्यालयांतील प्रशिक्षणवर्गांत त्यांचा उल्लेख अनेकदा एका वाक्यात आटोपतो. हे अंतर भरून काढण्यासाठी काही आस्थापना उभयलैंगिक वक्त्यांना निमंत्रित करून त्यांचे अनुभव कर्मचाऱ्यांपुढे मांडण्याचा मार्ग अवलंबतात. जगभर २३ सप्टेंबर हा दिवस १९९९ पासून उभयलैंगिकता दिन म्हणून पाळला जातो आणि असे कार्यक्रम प्रामुख्याने त्या सुमारास किंवा जून महिन्यात होतात.

अशा निमंत्रणातून काय साधते, त्यात कोणते धोके आहेत, कायदा कोठवर साथ देतो आणि बीरगांवसारख्या औद्योगिक वस्तीत हा उपक्रम कसा राबविता येईल, याचा हा आढावा.

‘उभयलैंगिक’ म्हणजे काय?

मराठीत या विषयावर बोलताना पहिली अडचण शब्दाचीच येते. शालेय जीवशास्त्रात गांडूळ हा ‘उभयलिंगी’ प्राणी असल्याचे शिकविले जाते. तेथे अर्थ असा की एकाच शरीरात नर व मादी अशी दोन्ही जननेंद्रिये असतात. हाच शब्द माणसाच्या आकर्षणासाठी वापरला की ऐकणाऱ्याच्या मनात शरीररचनेचे चित्र उभे राहते आणि गैरसमजाला तेथूनच सुरुवात होते. म्हणून आकर्षणाविषयी बोलताना ‘उभयलैंगिक’ हा शब्द अधिक नेमका ठरतो.

येथे तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. शरीररचना ही पहिली, आपण स्वतःला स्त्री, पुरुष वा अन्य काय मानतो ती लिंगओळख दुसरी आणि आपल्याला कोणाविषयी आकर्षण वाटते तो लैंगिक कल तिसरी. तृतीयपंथी किंवा पारलिंगी असणे हा लिंगओळखीचा प्रश्न आहे. उभयलैंगिक असणे ही लैंगिक कलाची बाब आहे. उभयलैंगिक पुरुष हा पुरुषच असतो आणि उभयलैंगिक स्त्री ही स्त्रीच असते. त्यांच्या वेशभूषेत, बोलण्याचालण्यात किंवा कामात इतरांहून वेगळे काही असेलच असे नाही.

मानवी आकर्षण केवळ दोन कप्प्यांत बसत नाही, हे अमेरिकी संशोधक आल्फ्रेड किन्सी यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुरुषांच्या लैंगिक वर्तनाच्या अभ्यासात मांडले होते. त्यांनी शून्य ते सहा अशी मोजपट्टी सुचविली होती. एका टोकाला केवळ भिन्नलिंगी आकर्षण, दुसऱ्या टोकाला केवळ समलिंगी आकर्षण आणि मधल्या पायऱ्यांवर दोन्हींचे कमीअधिक मिश्रण. पुढे फ्रिट्झ क्लाइन यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात आकर्षण, वर्तन, कल्पना, भावनिक ओढ आणि स्वतःची ओळख या बाबी स्वतंत्रपणे तपासाव्यात असा विचार पुढे नेला. आकर्षण दोघांविषयी असले तरी ते समप्रमाणात किंवा एकाच वेळी असावे लागते असे नाही, हे या अभ्यासांचे सार आहे.

मराठी साहित्याला हा विषय परका नाही. सचिन कुंडलकर यांच्या २००६ मधील ‘कोबाल्ट ब्लू’ या कादंबरीत एका मराठी घरातील भाऊ आणि बहीण दोघेही घरी राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. जेरी पिंटो यांनी या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद केला आणि २०२२ मध्ये तिच्यावर आधारित चित्रपटही आला. त्या तरुणाला कादंबरी नाव देत नाही. वास्तवातील उभयलैंगिक व्यक्तींची स्थिती पुष्कळदा अशीच असते. त्यांच्याविषयी इतर बोलतात, त्यांचे स्वतःचे म्हणणे मात्र ऐकू येत नाही.

अदृश्यता कशी निर्माण होते?

उभयलैंगिक व्यक्तीचा विवाह भिन्नलिंगी जोडीदाराशी झाला की समाज तिला भिन्नलिंगी समजतो. ती समलिंगी जोडीदाराबरोबर राहू लागली की तिला समलिंगी म्हटले जाते. दोन्ही वेळा तिची खरी ओळख पुसली जाते. अमेरिकी विधिज्ञ केंजी योशिनो यांनी २००० मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधात या प्रक्रियेची मीमांसा केली होती. ओळख पुसण्यात भिन्नलिंगी आणि समलिंगी अशा दोन्ही समूहांचा हितसंबंध असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०१३ मध्ये १,१९७ एलजीबीटी प्रौढांचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. आपल्या आयुष्यातील बहुतेक किंवा सर्व महत्त्वाच्या व्यक्तींना आपला कल ठाऊक आहे, असे ७७ टक्के समलिंगी पुरुषांनी आणि ७१ टक्के समलिंगी स्त्रियांनी सांगितले. उभयलैंगिक व्यक्तींमध्ये हे प्रमाण अवघे २८ टक्के होते. त्याच देशात गॅलप संस्थेच्या अलीकडच्या पाहण्यांत स्वतःला एलजीबीटी म्हणविणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक व्यक्ती उभयलैंगिक असल्याचे आढळले आहे. म्हणजे संख्येने सर्वांत मोठा असलेला गट सर्वांत कमी दिसतो.

कामाच्या ठिकाणी या अदृश्यतेला नेहमीचे समज चिकटतात. ‘अजून ठरलेले नाही’, ‘हा तात्पुरता टप्पा आहे’, ‘अशी माणसे एकनिष्ठ राहूच शकत नाहीत’, ‘लग्न झाले आहे, म्हणजे प्रश्न मिटला’ ही त्यांतील ठळक उदाहरणे. एकनिष्ठता ही व्यक्तीची निवड असते आणि ती लैंगिक कलावर अवलंबून नसते. परंतु हे समज खोडून काढण्यासाठी त्या व्यक्तीला प्रथम आपली ओळख जाहीर करावी लागते आणि जाहीर केल्याचे परिणाम काय होतील याची तिला खात्री नसते. म्हणून ती गप्प राहते आणि समज तसेच टिकून राहतात. बाहेरचा वक्ता बोलावण्याचे प्रयोजन या कोंडीत आहे. एखाद्या सहकाऱ्यावर स्वतःला उघड करण्याची वेळ न आणता तो विषयाला तोंड फोडतो.

कायद्याची चौकट

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला आणि लैंगिक कल हा खासगीपणाचा अत्यावश्यक भाग मानला. त्यानंतर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नवतेजसिंग जोहर प्रकरणात प्रौढांमधील संमतीच्या खासगी संबंधांना भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ च्या कक्षेतून वगळले. घटनेच्या अनुच्छेद १५ मधील ‘लिंग’ या शब्दात लैंगिक कलाचाही समावेश होतो, अशी भूमिका या निकालात मांडली गेली. या समूहाच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या वाट्याला आलेल्या अवहेलनेबद्दल इतिहासाने त्यांची क्षमा मागायला हवी, असे न्या. इंदू मल्होत्रा यांनी आपल्या निकालपत्रात नमूद केले. या प्रकरणातील याचिकाकर्त्यांमध्ये आयआयटीच्या वीस आजीमाजी विद्यार्थ्यांचा गट होता आणि त्यात उभयलैंगिक व्यक्तींचाही समावेश होता.

मात्र अनुच्छेद १५ चा रोख प्रामुख्याने शासनाकडे आहे. खासगी कारखान्यातील नोकरीत लैंगिक कलाच्या आधारे भेदभाव करण्यास स्पष्ट शब्दांत मनाई करणारा केंद्रीय कायदा नाही. तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ हा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याने कोणत्याही आस्थापनेला नोकरी, भरती व बढतीत तृतीयपंथी व्यक्तींशी भेदभाव करण्यास मनाई केली आणि तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक केले. हे संरक्षण लिंगओळखीला आहे. केवळ उभयलैंगिक असलेल्या कर्मचाऱ्याला त्याचा थेट आधार मिळत नाही.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा अधिनियम दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला अंतर्गत समिती स्थापन करण्यास आणि जाणीवजागृतीचे कार्यक्रम घेण्यास सांगतो. उभयलैंगिक स्त्रीला तिच्या कलावरून लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी सोसावी लागली, तर ती या समितीकडे दाद मागू शकते. छळ करणारी व्यक्ती स्त्री असली तरी तक्रार ग्राह्य ठरते, असा निर्णय कोलकाता उच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला आहे. उभयलैंगिक पुरुषाला मात्र हा कायदा लागू होत नाही. त्याची भिस्त आस्थापनेच्या सेवानियमांवर राहते.

ओळख उघड करण्याची धमकी देऊन पैसे मागणे हा खंडणीचा गुन्हा आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली तो दाखल करता येतो. ही माहिती अनेक कर्मचाऱ्यांना नसते. वक्त्याच्या कार्यक्रमात ती दहा मिनिटांत देता येते आणि तिचा उपयोग आयुष्यभर होऊ शकतो.

सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो प्रकरणात समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. तथापि अशा जोडप्यांच्या अडचणींचा विचार करण्यासाठी केंद्राने मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराचे नामनिर्देशन करण्यास अशा व्यक्तींना कोणतेही बंधन नसल्याचे स्पष्ट केले. वेतनखाते हाताळणाऱ्या प्रत्येक लेखा विभागाला ही बाब ठाऊक असणे आवश्यक आहे.

डॉ. सिरस यांचे प्रकरण

कर्मचाऱ्याचे खासगी आयुष्य आणि त्याची नोकरी यांची गाठ पडली की काय घडू शकते, याचे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे आहे. डॉ. रामचंद्र सिरस हे नागपूरचे. मराठीचे प्राध्यापक आणि कवी. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. ‘पायाखालची हिरवळ’ या त्यांच्या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार लाभला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये काही जणांनी त्यांच्या निवासस्थानात शिरून एका पुरुषाबरोबरच्या त्यांच्या खासगी क्षणांचे चित्रीकरण केले. घरात घुसणाऱ्यांना जाब विचारला जाण्याआधीच प्राध्यापकांना निलंबित करण्यात आले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१० रोजी त्यांना दिलासा दिला. मात्र त्यानंतर आठवडाभरातच, ७ एप्रिल रोजी, ते अलीगढमधील आपल्या घरी मृतावस्थेत आढळले. हंसल मेहता यांचा ‘अलीगढ’ हा चित्रपट याच घटनाक्रमावर आधारित आहे.

सिरस यांची ओळख समलिंगी अशी नोंदविली गेली. परंतु या प्रकरणाचा धडा उभयलैंगिक कर्मचाऱ्यांनाही तितकाच लागू पडतो. त्यांनी आपली ओळख स्वतः जाहीर केली नव्हती. ती त्यांच्यावर लादली गेली आणि न्यायालयाचा दिलासा त्यांना फार उशिरा मिळाला. पुढे २०२१ मध्ये त्याच उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील एका होमगार्डला लैंगिक कलाच्या कारणावरून सेवेतून काढण्याचा आदेश रद्द केला आणि त्यासाठी नवतेजसिंग जोहर निकालाचा आधार घेतला. अकरा वर्षांत कायदा बदलला. कार्यालयातील वातावरण किती बदलले, याचे उत्तर प्रत्येक आस्थापनेला स्वतः द्यावे लागेल.

उद्योगक्षेत्रातील प्रयत्न

भारतातील आस्थापनांसाठी एलजीबीटी कर्मचाऱ्यांविषयीची मार्गदर्शिका २०१२ मध्येच उपलब्ध झाली होती. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०१७ मध्ये उद्योगांसाठी आचारसंहिता तयार केली. मानवाधिकारांचा आदर, भेदभावाचे निर्मूलन, कर्मचाऱ्यांना पाठबळ, पुरवठादार व ग्राहकांच्या बाबतीत हक्कभंगाला प्रतिबंध आणि समाजात सकारात्मक भूमिका अशी तिची पाच कलमे आहेत. मुंबईत गोदरेज समूहाच्या कल्चर लॅबने २०१८ मध्ये तृतीयपंथीयांच्या समावेशनाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला आणि तिचे तत्कालीन प्रमुख परमेश शहानी यांनी २०२० मध्ये भारतीय कार्यालयांतील समावेशनावर ‘क्वीअरिस्तान’ हे पुस्तक लिहिले.

बीरगांवच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे उदाहरण पोलाद उद्योगातील आहे. टाटा स्टीलने २०१९ च्या अखेरीस एलजीबीटी कर्मचाऱ्यांना आपला जोडीदार जाहीर करून कायद्याने अनुज्ञेय असलेले लाभ घेण्याची मुभा देणारे धोरण आणले. नंतर झारखंडमधील खाणींत तृतीयपंथी कर्मचाऱ्यांना अवजड यंत्रे चालविण्याच्या कामावर घेण्यात आले. लोखंड, कोळसा आणि भट्टी यांच्या उद्योगात हा विषय अप्रस्तुत ठरतो, हा समज या निर्णयांमुळे मागे पडला.

मराठी भाषेत या विषयाची पायवाट त्याआधीच पडली होती. मुंबईत १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ हा समलिंगी व उभयलैंगिक स्त्रियांचा गट स्थापन झाला. तोच पुढे ‘लेबिया’ या नावाने कार्यरत राहिला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला. त्यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी आणि ‘इंद्रधनू’ हे माहितीपर पुस्तक यांमुळे मराठी वाचकाला या विषयाची सोपी आणि सभ्य परिभाषा मिळाली. कार्यालयांत मराठीतून बोलणाऱ्या वक्त्यांना या साहित्याचा आजही उपयोग होतो.

वक्त्याला बोलावल्याने काय साधते?

एखाद्या समूहाविषयीचे पूर्वग्रह त्या समूहातील व्यक्तींशी प्रत्यक्ष संपर्क आल्यावर कमी होतात, हा विचार अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडला. मात्र त्यांनी त्यासाठी चार अटी घातल्या होत्या. दोन्ही बाजूंना समान दर्जा असावा, उद्दिष्ट सामायिक असावे, परस्पर सहकार्य असावे आणि या संपर्काला अधिकारी वर्गाचे पाठबळ असावे. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून संपर्कामुळे पूर्वग्रह सामान्यतः घटतो असा निष्कर्ष काढला. या अटी पूर्ण झाल्या तर परिणाम वाढतो, असेही त्यांना आढळले.

वक्त्याच्या कार्यक्रमाला ही कसोटी लावली की यश आणि अपयश यांतील फरक स्पष्ट होतो. वक्त्याला ‘नमुना’ म्हणून मंचावर बसविले तर समान दर्जाची अट मोडते. व्यवस्थापक उद्घाटन करून निघून गेले तर पाठबळाची अट मोडते. वर्षातून एकदा भाषण झाले आणि पुढे काहीच घडले नाही तर सामायिक उद्दिष्ट उरत नाही. म्हणून भाषणापेक्षा त्याच्या आधीची आणि नंतरची तयारी अधिक निर्णायक ठरते.

निमंत्रणापूर्वीची तयारी

पहिला नियम असा की आस्थापनेने आपल्याच कर्मचाऱ्यांतून वक्ता शोधू नये. ‘आपल्याकडे असे कोणी आहे का?’ ही विचारणा सद्हेतूने झाली तरी ती चौकशीचे रूप घेते आणि संशयाच्या नजरा काही ठरावीक व्यक्तींकडे वळतात. कोणी स्वेच्छेने पुढे आले तरी विचार करण्यास पुरेसा वेळ आणि शेवटच्या क्षणीही माघार घेण्याची मुभा असावी. बाहेरील वक्ता या विषयावर काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांमार्फत निमंत्रित करणे अधिक सुरक्षित असते.

दुसरा नियम मानधनाचा. अनुभवकथन हेही काम आहे. अग्निसुरक्षेच्या प्रशिक्षकाला मानधन आणि उभयलैंगिक वक्त्याला केवळ पुष्पगुच्छ, हा भेद समावेशनाच्या कार्यक्रमाला शोभत नाही. प्रवासखर्च आणि मानधन आधीच लेखी ठरवावे.

तिसरा नियम सीमारेषांचा. वक्ता कोणत्या विषयावर बोलेल, कोणत्या प्रश्नांना उत्तर देणार नाही, छायाचित्रण व ध्वनिमुद्रण चालेल की नाही, कंपनीच्या पत्रकात नाव छापायचे की नाही, याची लेखी संमती घ्यावी. एका सभागृहात आपली ओळख सांगणारी व्यक्ती ती सर्व जगाला सांगण्यास तयार असेलच असे नाही. तिच्या घरी, गावी किंवा तिच्या अन्य नोकरीच्या ठिकाणी ही माहिती नसू शकते. भ्रमणध्वनीवर टिपलेली तीस सेकंदांची चित्रफीत तिचे आयुष्य उलथवू शकते.

चौथा नियम वक्त्यांच्या संख्येचा. एकाच व्यक्तीचा अनुभव संपूर्ण समूहाचा ठरविला जाऊ नये. शक्य असल्यास दोन वक्ते असावेत, जसे की एक स्त्री आणि एक पुरुष, किंवा एक विवाहित आणि एक अविवाहित. त्यांच्या सोबतीला कायद्याची माहिती देणारा वकील किंवा समुपदेशक असल्यास व्यक्तिगत प्रश्नांचा भार वक्त्यावर पडत नाही.

कार्यक्रम कसा असावा?

साधारण तास ते दीड तासाचा कार्यक्रम पुरेसा असतो. प्रारंभी आस्थापनेच्या प्रमुखाने स्वतः भूमिका मांडावी. त्यानंतर दहा मिनिटांत शब्दांचे अर्थ, अर्धा तास अनुभवकथन, दहा मिनिटे कायदा आणि शेवटी प्रश्नोत्तरे अशी विभागणी करता येते. प्रश्न चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकण्याची सोय असल्यास दुहेरी लाभ होतो. विचारणाऱ्याचा संकोच मिटतो आणि सूत्रसंचालकाला अवमानकारक चिठ्ठी बाजूला ठेवता येते. साक्षरतेची पातळी वेगवेगळी असलेल्या ठिकाणी चिठ्ठी लिहून देणारा विश्वासू सहकारी नेमावा.

वक्त्याने आपल्या शरीरसंबंधांविषयी बोलावे अशी अपेक्षा धरू नये. श्रोत्यांना उपयोगी पडतात ते कामाशी निगडित प्रसंग. जेवणाच्या सुट्टीत जोडीदाराविषयी विचारले गेले तेव्हा काय उत्तर दिले, कोणत्या विनोदावर हसण्याचे सोंग करावे लागले, बदलीच्या ठिकाणी घर भाड्याने घेताना काय सांगावे लागले, कोणत्या सहकाऱ्याच्या कोणत्या वाक्याने धीर आला. अशा तपशिलांतून श्रोत्यांना स्वतःच्या वागण्याकडे पाहता येते.

उपस्थितीविषयी मतभेद आहेत. सक्ती केल्यास रोष वाढतो. पूर्णतः ऐच्छिक ठेवल्यास आधीच अनुकूल असलेले कर्मचारीच येतात. यावर मध्यम मार्ग असा की पर्यवेक्षक, मनुष्यबळ विभाग आणि अंतर्गत समितीचे सदस्य यांना उपस्थिती अनिवार्य करावी, कारण तक्रार प्रथम त्यांच्याकडेच येते. इतरांसाठी ती ऐच्छिक आणि कामाच्या वेळेत ठेवावी. धार्मिक वा कौटुंबिक धारणांमुळे कोणाचे मत वेगळे असू शकते. मत बदलण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, पण सहकाऱ्याशी सभ्यतेने वागण्याची अपेक्षा सर्वांकडून ठेवता येते. हे वक्त्याने आणि व्यवस्थापनाने आरंभीच स्पष्ट केले तर वाद टळतात.

बीरगांवची परिस्थिती

रायपूरच्या उत्तरेला लागून असलेले बीरगांव हे स्वतंत्र महापालिकेचे शहर आहे. उरला आणि सिलतरा या औद्योगिक क्षेत्रांच्या सान्निध्यामुळे त्याची वाढ झाली. स्पंज आयर्न, रोलिंग मिल आणि मिश्रधातूंचे कारखाने ही या पट्ट्याची ओळख. कामासाठी परराज्यांतून आलेल्या मजुरांची येथे मोठी वस्ती आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून आणि पुढे नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी असल्यापासून रायपूर परिसराचा मराठी भाषकांशी संबंध जुना आहे.

महानगरातील माहिती-तंत्रज्ञान कंपनीसाठी आखलेला कार्यक्रम येथे जसाच्या तसा चालणार नाही. येथे काम पाळ्यांमध्ये चालते, अनेक कामगार ठेकेदारामार्फत लागलेले असतात आणि एकाच खोलीत चौघे-पाचजण राहतात. खोलीतील सोबती आणि पाळीतील सहकारी पुष्कळदा तेच असतात. अशा ठिकाणी एखाद्याची ओळख फुटली तर नोकरी, निवारा आणि गावाकडची पत एकाच दिवशी धोक्यात येते. ठेकेदाराला कामावरून कमी करण्याचे कारणही लेखी द्यावे लागत नाही, ‘उद्यापासून येऊ नको’ एवढे पुरते. म्हणून येथे गोपनीयता हा शिष्टाचाराचा मुद्दा राहत नाही, तो उपजीविकेचा प्रश्न होतो.

या परिस्थितीला अनुरूप काही बदल सुचतात. प्रत्येक कारखान्याने वेगळा कार्यक्रम घेण्याऐवजी औद्योगिक क्षेत्रातील अनेक आस्थापनांनी एकत्रितपणे तो घेतल्यास कोणत्याही एका कारखान्यातील व्यक्तींवर नजर रोखली जात नाही आणि खर्चही विभागला जातो. भाषा हिंदी आणि छत्तीसगढी असावी, गरजेनुसार ओडिया किंवा मराठीची जोड द्यावी. पाळी सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटांची सुरक्षा-चर्चा घेण्याची पद्धत अनेक कारखान्यांत आहे. त्याच वेळेत ‘सहकाऱ्याच्या खासगी आयुष्यावरून टिंगल करणे हे गैरवर्तन मानले जाईल’ हे एक वाक्य सातत्याने सांगितले गेले तरी त्याचा परिणाम दीर्घ भाषणाइतका होऊ शकतो. भट्टीजवळ किंवा क्रेनखाली काम करणाऱ्या माणसाचे लक्ष टोमण्यांमुळे विचलित झाले तर तो अपघाताचाही विषय ठरतो. सुरक्षा अधिकाऱ्यांना पटणारा हा युक्तिवाद आहे. ठेकेदारांशी होणाऱ्या करारातही भेदभाव न करण्याची अट घालता येते.

छत्तीसगडमध्ये या दिशेने पायाभरणी झालेली आहे. रायगडमध्ये २०१५ च्या आरंभी मधू किन्नर या अपक्ष उमेदवार महापौरपदी निवडून आल्या. राज्याच्या पोलीस दलात २०२१ मध्ये १३ तृतीयपंथी उमेदवारांची शिपाई पदावर निवड झाली आणि २०२२ मध्ये ‘बस्तर फायटर्स’ या दलातही नऊ जणांना स्थान मिळाले. रायपूरमध्ये विद्या राजपूत यांच्या पुढाकाराने ‘मितवा’ ही संस्था तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी कार्य करते. ही सर्व उदाहरणे लिंगओळखीची आहेत, हे लक्षात ठेवले पाहिजे. गणवेशातील तृतीयपंथी शिपाई लोकांना दिसतो आणि त्याच्या सोबतीने समाजाची समजही वाढते. शेजारच्या यंत्रावर काम करणारा उभयलैंगिक सहकारी दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी वेगळी वाट शोधावी लागते.

कार्यक्रमानंतर

वक्ता निघून गेल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत खरी परीक्षा होते. या काळात थट्टामस्करी वाढू शकते, कोणीतरी कोणाकडे बोट दाखवू शकते. तक्रार कोणाकडे करायची, त्या व्यक्तीचे नाव व संपर्क आणि तक्रारदाराचे नाव गुप्त राहील ही हमी सूचनाफलकावर आधीच लावलेली असावी. कोणी आपली ओळख पर्यवेक्षकाला विश्वासाने सांगितली तर त्याने ती पुढे कोणालाही, वरिष्ठांनाही, त्या व्यक्तीच्या परवानगीशिवाय सांगू नये.

मानसिक आधाराची गरज असल्यास केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. लैंगिक कल ‘बदलण्याचे’ उपचार करणे हे गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केले आहे. म्हणून कंपनीच्या डॉक्टरने किंवा समुपदेशकाने कर्मचाऱ्याला असा सल्ला देता कामा नये. मोफत कायदेशीर मदतीसाठी विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे.

कार्यक्रमाचे यश किती जणांनी आपली ओळख जाहीर केली यावर मोजू नये. तसे मोजले तर दबाव निर्माण होतो. धोरणात ‘लैंगिक कल’ हे शब्द आले का, विमा व नामनिर्देशनाच्या अर्जात जोडीदारासाठी जागा झाली का, तक्रारींची दखल ठरावीक मुदतीत घेतली गेली का, सहा महिन्यांनी नाव न विचारता घेतलेल्या पाहणीत कर्मचाऱ्यांना वातावरण अधिक सुरक्षित वाटले का, हे निकष अधिक विश्वसनीय आहेत.

अशा कार्यक्रमाला बसलेल्या शंभर कामगारांपैकी एखादा असा असू शकतो जो प्रश्न विचारणार नाही, चिठ्ठी टाकणार नाही आणि सभागृहातून सर्वांबरोबर मुकाट्याने बाहेर पडेल. आपल्याविषयी कोणीतरी आदराने बोलले आणि साहेब शेवटपर्यंत बसून ऐकत होते, एवढे मात्र त्याच्या लक्षात राहील. दुसऱ्या दिवशी पाळीवर जाताना त्याच्या मनावरचे ओझे थोडे हलके झाले असेल, तर वक्त्याला बोलावण्याचे प्रयोजन सफल झाले असे मानता येईल.